पूर्णेची अपूर्ण पाटी

अमेरिकेंतील अटलांटा हें आज मोठें शहर आहे. परंतु मुळांत तें एका आगगाडीच्या मार्गाचें शेवटचें टोंक होतें, व म्हणून आरंभीं त्यास 'टर्मिनस', म्हणजे शेवट, असेंच म्हणत. त्या मार्गाचा शून्य मैलाचा दगड तेथील लोकांनीं जपून ठेवला असून २०१८ सालीं तो इतिहाससंग्रहालयांत नेण्यांत आला. हें वाचल्यापासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत होता. आपल्या परभणी जिल्ह्यांतहि रुळांनीं वाढविलेलें एक गांव आहे. त्याची जन्मकथा सांगणारा दगड कोठें आहे काय? या जिज्ञासेपोटीं आम्ही गेल्या महिन्यांत पूर्णा जंक्शनास जाऊन आलों.

दगड दिसला नाहीं. दिसली ती फलाटाच्या टोंकाची पिवळी पाटी. तीवर काळ्या अक्षरांत गांवाचें नांव व खालीं समुद्रसपाटीपासूनची उंची. समुद्र किती खालीं आहे हें पाटी सांगते. गांव कसें वाढलें हें सांगत नाहीं. पूर्णा म्हणजे भरलेली. ज्या नदीवरून हें नांव पडलें, ती जवळच कंठेश्वर येथें गोदावरीस मिळते. नांव पूर्णा खरें, पण पाटी मात्र अपूर्ण!

जें पाटीवर नाहीं तें वाचकांस येथें थोडक्यांत सांगतों. मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. त्यानंतर निजामाच्या संस्थानांतील आपल्या मराठवाड्यास जवळजवळ अर्धें शतक वाट पाहावी लागली. सिकंदराबादेपासून मनमाडपर्यंतचा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा ३९१ मैलांचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळांत टप्प्याटप्प्यानें खुला झाला. त्याच सुमारास, १८९९-१९०० सालीं, देशांत घोर दुष्काळ होता, हें विसरतां कामा नये. हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा होता. पूर्णा हें तेव्हां वाटेवरचें एक स्टेशन. १९१२ सालीं येथून हिंगोलीस फांटा निघाला, हिंगोलीकडील कापूस रुळांवर आला, आणि स्टेशनाचें जंक्शन झालें. वाफेच्या इंजिनास पाणी लागे, कोळसा लागे, आणि रात्रंदिवस त्याची आग सांभाळणारीं माणसें लागत. म्हणून येथें इंजिनांची शेड झाली. शेडभोंवतीं चाळी उठल्या. आणि तेलुगू, उर्दू व मराठी एकाच नळावर ऐकूं येऊं लागल्या.

१९४८ सालीं संस्थानी राजवट गेली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. हिंगोलीपुढें रूळ अकोला-खांडव्यास जाऊन भिडले, व येथून थेट राजस्थानाकडे जातां येऊं लागलें. पुढें रुंद रुळांचा काळ आला. १९९० नंतरच्या दशकांत मनमाडकडील मार्ग रुंद झाला; अकोल्याकडील २००८ सालीं. पूर्वीं मुंबईस जाणाऱ्यानें मनमाडास उतरून वळकटी व पोरेंबाळें सांभाळीत दुसरी गाडी गांठावी लागे. तो त्रास चुकला. जें झालें तें सोयीचेंच झालें. परंतु लहान रुळांबरोबर लहान इंजिनें गेलीं, आणि त्यांवर ज्यांची चूल पेटत असे त्यांचें काम गेलें.

फलाटावरील बांकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. शेडमध्यें फिटर होते म्हणाले. आम्हीं सहज विचारलें, "आपण मूळचे कोठले?"

"वडील सिकंदराबादेकडून आले, गुरुजी," ते म्हणाले. "तिकडचें घर, माणसें सोडून कां आले, हें मीं कधीं विचारलें नाहीं. आतां नातू मला विचारतो. त्याला काय सांगूं?"

या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. उभा जन्म आम्हीं मुलांस पानिपत व प्लासी यांचे सन घोकविले. परंतु 'तुझे वडील येथें कां आले?' असें एकाहि मुलास विचारलें नाहीं. तेव्हां विचारलें असतें तर सांगणारे जिवंत होते. त्र्यंबकेश्वरास उपाध्यायांच्या चोपड्यांत आमच्या पिढ्यांचीं नांवें सांपडतात, याचा आम्हांस केवढा अभिमान! पण त्या चोपड्यांतहि नांवें आहेत, कारणें नाहींत. म्हणजे पाटीचा जो दोष, तोच आमच्या वंशावळीचा.

घरीं येऊन आम्हीं एक कोरी वही घेतली व नव्वदीच्या घरांतील आमच्या आत्याबाईंपुढें बसलों. आमचे वडील खेडें सोडून परभणीस शिक्षणासाठीं आले, असें आमच्या घरीं नेहमीं सांगितलें जाई. आत्याबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शिक्षण मागाहून. आधीं वाटणीवरून थोरल्याशीं भांडण झालें. रात्रीच्या गाडीनें गेला तो. आई दारांत उभी होती. त्यानें मागें वळून पाहिलें नाहीं."

हें लिहावें कीं न लिहावें, असा क्षणभर संकोच पडला. एकत्र कुटुंबाची थोरवी आम्हीं याच पानांत अनेकदां गायिली आहे. तरी अखेर लिहिलें; शिक्षणाची गोष्ट एका ओळींत, भांडणाची दुसऱ्या. दोन्ही खऱ्या आहेत.

वाचकहो, आपल्याहि घरीं कोणी नव्वदीचें माणूस असेल. दसऱ्या-दिवाळीची वाट न पाहतां आजच वही घेऊन त्यांच्याजवळ बसावें, व नांवांबरोबर कारणेंहि उतरून घ्यावीं. तीं गोड असतीलच असें नाहीं. आमच्या वहीचें तिसरें पान अद्याप कोरें आहे. आमच्या आजीचें पुढें काय झालें, हें उद्यां विचारावयाचें आहे.