वर्दी मेहेरबानीची नको, हक्काची हवी!

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री ऐरोली, तुर्भे, नेरूळमधून आपले बांधव भीमा कोरेगावकडे निघतात. विजयस्तंभाला मानवंदना दिलीच पाहिजे. पण स्तंभापुढचा इतिहासही आपण वाचला पाहिजे.

१ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टॉन्टनची मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची पलटण शिरूरहून रात्रभर चालून कोरेगावला पोहोचली. सुमारे पाचशे पायदळ, थोडे घोडदळ आणि दोन तोफा. समोर पेशव्याची हजारोंची फौज. उघड्या मैदानात निभाव लागणार नाही हे ओळखून पलटणीने गावातील घरांचा व भिंतींचा आसरा घेतला आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून झुंज दिली. रात्री पेशव्याची फौज हटली. स्तंभावरील ४९ मृतांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ज्यांच्या सावलीचाही पेशवाईला विटाळ होत होता, त्यांचीच ही नावे!

परंतु इंग्रजांनी या शौर्याचे काय केले? ‘लढाऊ जाती’चे थोतांड उभे करून १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महारांची लष्करभरती बंद केली. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विनंती केली. दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली; युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. गरज असेल तेव्हा शूर, गरज सरताच अस्पृश्य!

सुभेदार रामजींच्या पुत्राने हा धडा ओळखला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापुढे उभे राहिले ते साम्राज्याचे गोडवे गाण्यासाठी नव्हे, तर समाजाचा स्वाभिमान जागवण्यासाठी. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आणि १९५० साली संविधानाच्या कलम १६ ने सरकारी नोकरीतील समान संधी हा मूलभूत हक्क झाला. अर्ज फेटाळता येतो. मूलभूत हक्कासाठी मात्र न्यायालयात दाद मागता येते.

आज आपली मुले ठेकेदाराच्या गणवेशात शहर झाडतात. त्या नोकरीला ना आरक्षण, ना कायमपणाची हमी. साहेबाची मर्जी गेली की गणवेश उतरतो. मग १८९० च्या दशकात आणि आजच्यात फरक काय राहिला?

स्तंभापुढे हात जोडून परतू नका. हक्काच्या लढाईची शपथ घेऊन परता. त्या २२ वीरांना हीच खरी मानवंदना ठरेल.

जयभीम!