सांताचा ड्रेस राहू द्या, यंदा धानाच्या तणसाचा कोठा करा

डिसेंबर लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज सुरू होतात. मुलांना सांताच्या ड्रेसमध्ये पाठवा. ख्रिसमस ट्रीचा प्रोजेक्ट करून आणा. भंडारा असो, तुमसर असो की साकोली, गोष्ट तीच. मग आईबाप दुकानात. लाल टोपी, कापसाची दाढी, प्लास्टिकचं झाड. अडीच-तीनशे रुपये सहज जातात. धान कापायला जाणाऱ्या बाईची जवळपास दिवसभराची मजुरी ती. आणि प्रोजेक्ट? तो रात्री अकरा वाजता आई करते, पोट्टं केव्हाचं झोपलेलं असतं.

मी नाताळाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. उलट माझी तक्रार अशी आहे की या सगळ्यात नाताळ लेकरांपर्यंत पोचतच नाही. २५ डिसेंबरला कोणाचा जन्म झाला असं विचारल्यावर "सांताचा" हे उत्तर मी माझ्या कानानं ऐकलं आहे.

मूळ गोष्ट काय आहे? बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात ती आहे. रोमच्या बादशहानं शिरगणती लावली. योसेफ आणि गरोदर मरिया नासरेथहून बेथलेहेमला गेले. उतरायला जागा मिळाली नाही. बाळ झालं, ते गव्हाणीत ठेवलं. पहिल्यांदा पाहायला आले ते रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ. यात बर्फ नाही, घसरगाडी नाही, लाल टोपीही नाही.

आता सांगा, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या लेकराला समजावून द्यावी लागते का? कामासाठी बिऱ्हाड घेऊन परगावी जाणारी माणसं त्यानं पाहिली आहेत. गव्हाण म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. ज्याला पुस्तकात गोठा म्हणतात, त्याला आपण कोठा म्हणतो, एवढाच फरक.

हा देखावा करायची रीतही मुळात बाजारातून आलेली नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गव्हाण मांडली, त्यात खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव होतं. साध्या माणसांना ती गोष्ट डोळ्यांनी दिसावी, एवढाच हेतू. आपल्या महाराष्ट्रात वसईकडे आजही घरोघरी, गल्लोगल्ली गोठे उभारतात. गोव्यात गोठ्यातलं हिरवं शेत दिसावं म्हणून आधीपासून धान्य पेरून ठेवतात. नवरात्रात घटाभोवती आपण पेरतो, अगदी तसंच.

मग आपल्याला काय अडचण आहे? धान चुरून झालं की तणसाला काय तोटा? मूठभर तणस आणा. बांबूच्या कामट्या किंवा तुराट्यांचे चार खांब करा, वर तणसाचं छप्पर सुतळीनं बांधा. बोडीकाठच्या मातीची माणसं आणि मेंढरं वळा, दोन दिवस सावलीत वाळवा. आठ-दहा दिवस आधी डब्याच्या झाकणात गहू पेरा. बाळाखाली कापडाची चिंधी. आणि बैल? तान्हा पोळ्याचा लाकडी बैल घरी कपाटावर धूळ खात बसला आहे ना, त्याला खाली काढा. चाकं असली तरी चालतं. फक्त तणसाजवळ मेणबत्ती किंवा दिवा ठेवू नका.

खर्च जवळजवळ शून्य. पण लेकराचे हात मातीत जातात आणि तोंडातून प्रश्न निघतात. त्यांना जागा काहून नाही दिली? बाळाला थंडी नाही वाजली? या प्रश्नांची उत्तरं देताना आईबापाचीही थोडी परीक्षा होते. ती व्हावी. अनेक घरचे बैल विकले गेले, पोट्ट्यांना बैल आता तान्हा पोळ्यालाच दिसतो, तोही लाकडाचा. निदान कोठा कसा असतो, हे तरी हाताला कळेल.

काही जण म्हणतील, "भाऊ, हा आपला सण नाही, काहून करायचा?" ज्याला करायचा नाही त्यानं करू नये. २५ डिसेंबर हा दिवस आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत १९२७ च्या महाडच्या मनुस्मृती दहनाची आठवण म्हणूनही पाळला जातो. कोणत्या घरानं काय करायचं, ते त्या घरानं ठरवावं. पण शेजाऱ्याची गोष्ट मातीत घडवून पाहिली म्हणून आपली गोष्ट पुसली जात नाही. आपल्याकडे ख्रिस्ती घरं थोडी आहेत. त्यांचं लेकरू वर्गात असतं, सगळे टोप्या घालून नाचतात आणि त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुझ्या घरी नाताळ कसा होतो. ते विचारणं हा माझ्या मते खरा प्रोजेक्ट आहे.

म्हणून शाळांना तीन विनंत्या. पहिली, ड्रेसची सक्ती नको आणि बंदीही नको. दुसरी, विकत आणावं लागेल असं काही मागू नका. राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी अजून प्रोजेक्टसाठी थर्माकोल मागितला जातो, हे बंद व्हावं. तिसरी, जे करायचं ते वर्गात, मुलांच्या हातानं, गावात मिळेल त्या वस्तूंनी करा.

आणि पालकहो, मेंढरू कुत्र्यासारखं दिसलं तर दिसू द्या. दुरुस्त करायला जाऊ नका. यंदा ज्यांच्या घरी कोठा होईल त्यांनी खाली फोटो नक्की टाका. पटत नसेल तर तेही लिहा, बोलू.