गर्भाची वाढ : भाकितानंतरचा प्रश्न

गर्भातील बाळाचे पोषण अपुरे पडणार आहे काय, याचा अंदाज प्रसूतीच्या कित्येक आठवडे आधी बांधता येऊ लागला, ही वैद्यकशास्त्राची लहानसहान कामगिरी नव्हे. बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरविणारी वार नीट रुजली नाही, तर त्याच्या खुणा मातेच्या रक्तात उमटतात. पहिल्या तीन महिन्यांत ‘पॅप-ए’ या प्रथिनाचे, किंवा पुढे ‘पीएलजीएफ’ या वारेतून स्रवणाऱ्या घटकाचे प्रमाण फार कमी आढळले, तर डॉक्टर सावध होतात. डॉपलर सोनोग्राफीने गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतील व नाळेतील रक्तप्रवाह अडखळतो आहे काय, हे पाहता येते. तथापि यांपैकी एकटी कोणतीही तपासणी निर्णायक नाही. सर्वांचा मेळ घातला तरी काही बाळे निसटतात आणि काही मातांना विनाकारण धास्ती लागते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने माहितीचे मोल ती कोणता निर्णय बदलते, यावर ठरते. खुंटलेली वाढ गर्भातच भरून काढील, असे खात्रीचे औषध आजही नाही. धोका लवकर ओळखला, तर काही मातांना सोळाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू करता येते. रक्तदाबावर लक्ष ठेवता येते, वाढीचे मोजमाप वारंवार करता येते आणि नवजात अर्भकांच्या उपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात योग्य वेळी प्रसूती करविता येते. यांतील काहीच घडणार नसेल, तर तपासणीचा अहवाल म्हणजे ट्रंकेत जपून ठेवलेला कागद होय.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न अंतराचा आणि मजुरीचाही आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालये सेवाग्राम आणि सावंगी येथे, म्हणजे वर्धा शहराच्या जवळ आहेत. आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील स्त्रीला तेथवर येण्यास अख्खा दिवस मोडावा लागतो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तो दिवस गेला की मजुरी बुडते आणि एस. टी.चे भाडे वेगळे. अशा स्त्रीला तपासणी मोफत मिळाली, तरी ती फुकट पडत नाही. ती पुन्हा आली नाही, तर तिला बेफिकीर ठरविणे सोपे असते; परंतु तिने केलेला हिशेब चुकीचा नसतो.

शिवाय साऱ्या भाकिताच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : दिवस किती गेले? पाळीची तारीख निश्चित नसेल, तर बत्तीस आठवड्यांचे सुदृढ बाळ छत्तीस आठवड्यांचे समजून खुरटलेले ठरविले जाईल. चोवीस आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली केली, तिचे एक कारण हेच आहे. चोविसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारणतः आठवड्यांच्या आकड्याइतकी भरते. आरोग्यसेविकेच्या हातातील टेप चुकू शकतो. पण तोच हात दर खेपेस मोजत राहिला, तर मंदावलेली वाढ ध्यानात येण्याचा संभव वाढतो. येथे आपली रीत आड येते. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते आणि वाढीवर लक्ष ठेवण्याची नेमकी वेळ येते, तेव्हाच मोजणारा हात बदलतो. सासरच्या उपकेंद्रातील नोंद माहेरच्या उपकेंद्रात पोहोचेल, याची जबाबदारी गर्भवतीवर नव्हे, यंत्रणेवर असली पाहिजे.

‘आमच्याकडची बाळे लहानच असतात’ असे म्हणून हा विषय उडवून लावण्यात येतो. आठ देशांत झालेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ या अभ्यासाचे भारतातील केंद्र वर्ध्याच्या शेजारी, नागपुरात होते. निरोगी आणि सुपोषित मातांच्या गर्भांची वाढ नागपूर, नैरोबी व ऑक्सफर्ड येथे बरीचशी सारखी असते, असे त्याच्या २०१४ मधील निष्कर्षांत दिसले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातील वजन केलेल्या नवजातांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोंहून कमी भरले. लहान बाळ प्रत्येक वेळी आजारी असतेच असे नाही. परंतु इतका मोठा वाटा केवळ वंशाच्या माथी मारता येत नाही. तो बराचसा ताटातील अन्नाचा, अंगातील रक्ताचा आणि विश्रांतीचा प्रश्न आहे.

सेवाग्रामला या बाबतीत एक परंपरा आहे. डॉ. सुशीला नायर यांनी तेथे रुग्णालय उभे केले व १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय. पुढे १९८० च्या दशकात आसपासच्या गावकऱ्यांनी सुगीत ज्वारी देऊन आरोग्यविम्याचा हप्ता भरावा, ज्याची जमीन अधिक त्याने अधिक द्यावे, अशी योजना राबविण्यात आली. गावाची ऐपत ओळखून उपचाराची व्यवस्था बसविण्याचा तो प्रयत्न होता. नव्या तपासण्यांच्या बाबतीत तेच तारतम्य हवे. प्रथम प्रत्येक गर्भवतीची तारीख निश्चित करणारी सोनोग्राफी तालुक्यातच व्हावी. धोक्याच्या यादीतील मातेस डॉपलरच्या दिवसाची बुडीत मजुरी व वाहन मिळावे. आणि तिच्यासाठी रुग्णालयातील खाट आधीच ठरलेली असावी. रक्तातील खुणा शोधण्याचा खर्च यानंतर जरूर करावा. धोका आधी कळूनही माता घरीच राहिली, तर तो दोष शास्त्राचा नसून व्यवस्थेचा ठरेल.