स्टेक, एअर फ्रायर आणि 'घरात नको'

आधीच सांगून टाकतो. आजचा लेख गाईच्या मांसाबद्दल आहे. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी खुशाल पुढच्या शनिवारी यावं, अजिबात राग नाही. पुढच्या शनिवारी बहुतेक थालीपीठ असेल.

तर मंडळी, अस्मादिक सध्या टेक्सासमधल्या प्लेनो गावी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये मुक्कामाला आहेत. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आली आणि २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. म्हणजे पुण्यात असतो तर हा लेखच झाला नसता. इथे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात भेंडीपेक्षा स्टेक शोधणं सोपं आहे.

दीड वर्ष मी तो फक्त बाहेर खाल्ला. टीमबरोबर, क्लायंटच्या खर्चाने. घरी कधीच नाही. का, असं एकदा स्वतःला विचारलं, तेव्हा उत्तर लहानपणीच्या घरात सापडलं. आमच्याकडे अंड्याचा तवा वेगळा होता आणि तोही गॅलरीत. बाबा ऑफिसच्या पार्टीत चिकन खायचे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही त्यावर बोलत नव्हतं. बाहेर काय खायचं ते खा, घरात नको. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी हाच नियम असणार, पैज लावतो.

हा नियम सोयीचा आहे, पण माझ्या मते प्रामाणिक नाही. बाहेर खाताना कच्चं मांस दिसत नाही, वास येत नाही, हात बरबटत नाहीत. आपण खाल्लं असं पूर्णपणे मान्यच करावं लागत नाही. खायचं नसेल तर खाऊ नये, त्यात कमीपणा काही नाही. पण खायचंच ठरवलं असेल तर निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने शिजवावं, असं माझं ठाम मत झालंय.

मत झालं, पण धूर आड आला. स्टेक खरा होतो कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर, आणि आमच्या स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म फोडणीलासुद्धा बोंबलतो. म्हणून एअर फ्रायर. आणि इथे मी दुसऱ्यांदा तीच चूक केली.

स्वस्तातला अर्ध्या इंचाचा तुकडा आणला, ड्रॉवरमध्ये टाकला, 'स्टेक' लिहिलेलं बटण दाबलं आणि लॅपटॉपवर जाऊन बसलो. बारा मिनिटांनी टिंग! बाहेर आला तो करडा, आक्रसलेला, चपलेच्या तळासारखा. चावता चावता जबडा दुखला. चौदा डॉलर गेले त्याचं इतकं नाही वाटलं. एक जनावर यासाठी गेलं होतं आणि मी त्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, त्याची लाज वाटली. बंद डबा काय आणि 'घरात नको' काय, दोन्हीचा उपयोग एकच. बघायला लागू नये.

मग इंजिनिअर जागा झाला. एअर फ्रायर हे नावच मुळात फसवं. फिलिप्सने २०१० मध्ये या नावाने तो बाजारात आणला, पण आत तळण-बिळण काही होत नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यामागे पंखा, म्हणजे जोरदार वारा असलेला छोटा ओव्हन. आणि हवा उष्णता पोचवण्यात तव्यापेक्षा फार मठ्ठ. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घालता येतो, पण त्याच ओव्हनच्या जाळीला बोट लावून बघा! (नका लावू.)

मांसाला खमंग तांबूस रंग येतो तो मायार अभिक्रियेमुळे. लुई-कामिय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये ती मांडली. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोर धरते. पण पृष्ठभाग ओला असेल तर ते पाणी उडेपर्यंत तापमान १०० च्या आसपासच अडकतं. म्हणजे पातळ आणि ओला तुकडा मंद हवेत ठेवला तर वरून रंग येईपर्यंत आतून त्याचा निकाल लागलेला असतो. माझा लागलाच होता.

दुसऱ्या खेपेला दीड इंच जाडीचा रिबआय आणला. कागदी टॉवेलने खसखसून कोरडा केला, मीठ चोळलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवला. फ्रायर २०० अंशांवर आधी पाच मिनिटं रिकामाच तापवला. बटणाला हात लावला नाही. सहाव्या मिनिटाला स्टेक उलटला आणि मग दर दोन मिनिटांनी ड्रॉवर उघडून मधोमध थर्मामीटर टोचला. ५२ अंशांना बाहेर काढला, आठ मिनिटं नुसता ठेवला. तेवढ्यात आतलं तापमान आपोआप तीनेक अंश चढतं. हा झाला मीडियम रेअर. अमेरिकन कृषी खात्याचा सल्ला मात्र ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा आहे. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर तोच पाळावा. आणि हो, ताटात उतरतं ते लाल पाणी रक्त नसतं. मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तो रंग.

निकाल? आतून उत्तम, अगदी हॉटेलच्या तोडीचा. वरून बरा. तव्याचा कुरकुरीत पापुद्रा हवेने येत नाही. तो हवाच असेल तर शेवटी खिडक्या उघडून तव्यावर एकेक मिनिट द्या आणि अलार्मखाली टॉवेल हलवायला मित्र उभा करा.

माझी आई कुठलंच बटण दाबून स्वयंपाक करत नाही. आम्ही त्याला 'अंदाज' म्हणतो, पण तो अंदाज नसतो. ती वास घेते, चर्र आवाज ऐकते, बोटाने दाबून बघते. सतत मोजणं चालू असतं तिचं. बंद ड्रॉवर हे सगळं काढून घेतो. म्हणून थर्मामीटर लागतो. मिनिटांवर विसंबू नका, मांसाला विचारा.

रविवारी फोनवर आईला सगळं सांगितलं. मार्चमध्ये ती दोघं इथे येणार आहेत आणि तिला याच फ्रायरमध्ये अळूवड्या करायच्या होत्या.

"घरात केलंस?"

"हो."

"त्याच यंत्रात?"

"हो."

बराच वेळ शांतता. मागून बाबांचा आवाज आला, "चव कशी असते रे?" त्यांना बहुतेक डोळे वटारून गप्प केलं गेलं. मग आई म्हणाली, "मी येण्याआधी माझ्यासाठी दुसरा आण."

तिला आवडलेलं नाही, आणि आवडावं अशी अपेक्षाही नाही. पण आता तिला माहीत आहे. काल दुसरा फ्रायर आणला. ओट्यावर दोन्ही शेजारी शेजारी आहेत, एकावर लाल टेप लावली आहे. गॅलरीत काही ठेवलेलं नाही.

असो. पुढच्या शनिवारी थालीपीठ, नक्की.