एका कळीचा अधिकार

यंत्राने माणसाचे श्रम वाचवावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु श्रमांबरोबर विचारही वाचू लागला, तर त्या बचतीस लाभ म्हणता येईल काय? संगणकाच्या कळफलकावर वरच्या रांगेत एफ-१ ते एफ-१२ अशा ज्या कळा असतात, त्यांना कोणते काम नेमून द्यावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. माझ्या मते तो तसा नाही. आणि जुन्या ‘बुलेटिन बोर्डां’ची हकीकत पाहिली म्हणजे हे सहज ध्यानी येते.

शिकागो शहरी वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी सूस या दोघांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी असा पहिला सार्वजनिक बोर्ड सुरू केला. घरच्या संगणकास टेलिफोनची तार जोडावयाची. दुसऱ्याने आपल्या संगणकावरून तो क्रमांक फिरवावयाचा आणि तेथील निरोप वाचावयाचे, स्वतःचे लिहावयाचे. पुढे असे हजारो बोर्ड निघाले. पुष्कळांजवळ तार एकच असे. म्हणून एका वेळी एकाच पाहुण्यास प्रवेश मिळे. चालक त्याचे सारे व्यवहार आपल्या पडद्यावर पाहू शके. आणि एखादी कळ दाबून त्याच्याशी बोलणे, त्याची वेळ वाढविणे किंवा त्याचा संपर्कच तोडून टाकणे, हे सारे चालकाच्या हाती असे. कोणत्या कळीस कोणते काम द्यावे, हेही काही प्रणालींत तोच ठरवी.

२४०० बिट प्रति सेकंद या वेगाने एक लाख अक्षरांची फाइल उतरवून घेण्यास सुमारे सात मिनिटे लागत. सहाव्या मिनिटाला चालकाचे बोट ‘बोला’ या कळीऐवजी शेजारच्या ‘तोडा’ या कळीवर पडले तर? चूक चालकाची, पण वाया गेलेला वेळ आणि टेलिफोनचे बिल मात्र पाहुण्याचे!

कोणी म्हणेल, सवयीने सारे जमते. पण खरा धोका सवयीतच आहे. सवय झाली की मनाच्या आधी बोट धावते. म्हणून जे काम वारंवार करावयाचे ते सोप्या कळीवर असावे, आणि ज्याने दुसऱ्याचे नुकसान होईल ते मुद्दाम अवघड ठेवावे. आयबीएमच्या १९८१ सालच्या संगणकाची घडण चालू असता डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने नेमके हेच केले. संगणक पुनश्च सुरू करण्यासाठी त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबण्याची योजना केली. एका हाताने चुकून त्या दाबल्या जाऊ नयेत, हाच त्यामागील हेतू.

दुसरी गोष्ट संकेताची. वर्डपरफेक्ट ५.१ या लेखनप्रणालीत मदतीसाठी एफ-३ दाबावे लागे आणि एफ-१ने चालू काम रद्द होई. इतर अनेक प्रणालींत मात्र एफ-१ म्हणजेच मदत. मदत मागावयास जावे आणि भलतेच घडावे, असा हा प्रकार! रूढ संकेत मोडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास आहे. परंतु ज्या खुर्चीवर उद्या दुसरा बसणार आहे, तेथे ते जपून वापरावे.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. कित्येक जण आपले नाव आणि गुप्तशब्द एकाच कळीत साठवून ठेवीत. हे म्हणजे दारास कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगण्यासारखे झाले.

१९९० नंतरच्या दशकात इंटरनेटचा प्रसार झाला आणि बहुतेक बोर्ड बंद पडले. प्रश्न मात्र राहिला. विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या संगणक-कक्षात एखाद्या कळीस काम नेमून द्याल, तेव्हा ‘माझा किती वेळ वाचेल?’ एवढेच विचारू नका. ‘ही चुकून दाबली गेली, तर कोणाचे किती बिघडेल?’ हेही विचारा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधी शोधले, त्याच्याच हाती कळ शोभते.