गांवचीं कामें व राज्याचें काम

आयर्लंडांत 2024 सालच्या नोव्हेंबरांत जी सार्वत्रिक निवडणूक झाली तींत फियाना फॉल व फिने गेल या दोन जुन्या पक्षांस मिळून 174 पैकीं 86 जागा मिळाल्या. बहुमतास 88 पाहिजेत. ही तूट भरून काढण्यासाठीं त्यांस खेड्यापाड्यांतील अपक्ष सभासदांच्या दारीं जावें लागलें, आणि 2025 च्या जानेवारींत जें मंत्रिमंडळ बनलें तें त्यांच्याच टेकूवर उभें राहिलें. डब्लिनमधील शिष्ट मंडळींस हा प्रकार हास्यास्पद वाटला. रस्त्यांतले खड्डे मोजणाऱ्यांनीं राज्याचे मंत्री ठरवावे, याहून लोकशाहीची विटंबना ती कोणती, असा त्यांचा सवाल आहे. हा उपहास आम्हांस निम्मा खरा व निम्मा आळसाचा वाटतो. गांवच्या कामांत मुरलेला मनुष्य राज्याचें काम कसें करतो हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें एंडा केनी यांची कारकीर्द डोळ्यांपुढें ठेवावी.

केनी यांचे वडील हेन्री केनी हे पश्चिम किनाऱ्यावरील मेयो परगण्यांतले. 1936 सालीं मेयोनें गेलिक फुटबॉलचें अखिल आयर्लंडचें अजिंक्यपद मिळविलें त्या संघांत ते होते. पुढें 1954 पासून मरेपर्यंत ते डॉइलचे, म्हणजे तेथील लोकप्रतिनिधिसभेचे, सभासद राहिले. 1975 च्या सप्टेंबरांत ते वारले. नोव्हेंबरांत पोटनिवडणूक झाली, व चोवीस वर्षांचा शाळामास्तर मुलगा बापाच्या जागीं निवडून आला. वतन मुलाकडे चालणें म्हणतात तें याहून निराळें काय असतें? तथापि वतनदारास मतें मागावीं लागत नाहींत. एंडा केनी यांनीं तीं प्रत्येक निवडणुकींत मागितलीं, आणि 2020 सालीं स्वखुषीनें बाजूस होईपर्यंत जवळजवळ 45 वर्षें त्यांस तीं मिळत गेलीं.

हें कसें साधलें तें समजण्यास आयर्लंडची मतदानपद्धति जाणून घेतली पाहिजे. तेथें एका मतदारसंघांतून तीन, चार किंवा पांच सभासद निवडले जातात, व मतदार उमेदवारांस पसंतीचे अनुक्रम देतो. पद्धति न्यायाची आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिचा एक परिणाम असा कीं, उमेदवाराचा खरा प्रतिस्पर्धी पुष्कळदां त्याच्याच पक्षाचा असतो. धोरण दोघांचें एकच. मग मतदारानें पहिली पसंती कशावरून द्यावी? कोण अंत्यविधीस आला, कोणीं अर्जाचा पाठपुरावा केला, कोणाच्या पत्रानें रस्ता झाला, यावरून. म्हणून तेथील सभासद आपल्या गांवीं ठरल्या वेळीं बैठक भरवितो व आल्यागेल्याचीं गाऱ्हाणीं ऐकतो. या बैठकीस तिकडे 'क्लिनिक' म्हणतात, म्हणजे चक्क दवाखाना. नांव मोठें मार्मिक आहे. मात्र येथें येणारे बहुतेक रोगी मुळांत रोगीच नसतात. ज्या वृद्धापवेतनावर कायद्यानेंच त्यांचा हक्क आहे तें त्यांस सभासदाच्या कृपेनें मिळालें असें भासतें, एवढाच काय तो रोग. बेसिल चब या राज्यशास्त्राच्या अध्यापकांनीं 1963 सालीं याच विषयावर निबंध लिहिला. लोकप्रतिनिधीचा धंदा म्हणजे सरकारी नोकरांचा पिच्छा पुरविणें, असें त्याच्या मथळ्यांतच त्यांनीं सुचविलें होतें.

आणि हें घडावें कोठें, तर मेयोंत! 1879 सालीं मायकेल डॅविट यांनीं कुळांची चळवळ याच परगण्यांत उभी केली. पुढच्याच वर्षीं ज्या कॅप्टन बॉयकॉटवर गांवकऱ्यांनीं बहिष्कार घातला व ज्याचें नांव त्या शस्त्रास इंग्रजींत कायमचें चिकटलें, तो येथल्याच एका जमीनदाराचा कारभारी होता. आमच्याकडे 1905 सालानंतर हें शस्त्र घरोघरीं पोंचलें, तेव्हां त्याची जन्मभूमि आमच्या वाचकांस परकी वाटूं नये. ज्या लोकांनीं जमीनदाराकडे दया न मागतां एकजुटीनें हक्क मागितला, त्यांचींच नातवंडें स्वराज्य मिळाल्यावर आपापला अर्ज घेऊन एकेकटीं रांगेंत बसूं लागलीं. हक्काची याचना झाली कीं नागरिकाचा आश्रित होतो. कायदा कितीही चांगला असो, तो मिळण्यास मध्यस्थ लागत असेल तर राज्य मध्यस्थाचें.

केनी यांचीं पहिलीं सत्तावीस वर्षें याच चाकोरींत गेलीं. 1986 सालीं ते थोडा काळ राज्यमंत्री झाले व 1994 ते 1997 पर्यंत पर्यटन व व्यापार खात्याचे मंत्री होते. त्याबद्दल फारसें लिहावें असें नाहीं. 2002 सालीं त्यांचा फिने गेल पक्ष 54 जागांवरून 31 वर कोसळला. स्वतः केनी कसेबसे तरले, व त्यांच्याच मतदारसंघांतील त्यांचे स्वपक्षीय सहकारी जिम हिगिन्स बुडाले. असल्या मोडक्या गाड्याचें जूं मानेवर घेण्यास पुढें कोण येणार? केनी पुढें आले. ते मोठे वक्ते नव्हते व पंडितही नव्हते. परंतु खेडोखेडींची शाखा, तिचा चिटणीस, त्याच्या घरचें आजारपण, हें ज्यास पाठ असतें त्यासच मोडलेला पक्ष पुन्हा बांधतां येतो. 2007 सालीं पक्ष 51 वर आला. 2010 सालीं शहरी, सुशिक्षित सहकाऱ्यांनीं त्यांस काढून टाकण्याचा कट केला, तो फसला. 2011 सालीं 166 पैकीं 76 जागा मिळाल्या. एकट्या मेयोनें आपल्या पांचांपैकीं चार दिल्या, आणि खेड्यांतला हा मास्तर मुख्य प्रधान झाला.

तेव्हां राज्य दिवाळखोरीच्या काठावर होतें. 2010 च्या नोव्हेंबरांत आधींच्या सरकारनें 85 अब्ज युरोंची मदत-योजना पत्करली होती. तींतले साडेसतरा अब्ज देशानें आपल्याच गांठीचे घालावयाचे व बाकीचे युरोपीय संघ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधि वगैरे सावकारांकडून घ्यावयाचे, असा करार होता. सावकाराचा कारकून दुकानांत बसला म्हणजे धन्याची काय अवस्था होते हें व्यापारी वर्गास सांगावयास नको. केनी यांच्या सरकारनें 2013 च्या डिसेंबरांत तो कारकून बाहेर काढला. त्यांनीं पद सोडलें तोंपर्यंत बेकारीही तिच्या कळसाच्या निम्म्याहून खालीं आली होती. मात्र याची किंमत कोणीं दिली, हा प्रश्न उरतो. दोन वर्षांत सुमारे 140 पोलीस ठाणीं बंद झालीं, तीं बहुतेक खेड्यांतलीं. खुद्द केनींच्या कॅसलबार गांवची लष्करी बराकही 2012 सालीं बंद झाली. ही शेवटची गोष्ट आम्ही त्यांच्या जमेस धरतों. आपल्या गांवची बराक वांचविणें त्यांस अशक्य नव्हतें.

उलट बाजूस रॉसकॉमनच्या रुग्णालयाची गोष्ट आहे. निवडणुकीच्या सभेंत केनी यांनीं तेथील सेवा राखण्याचें आश्वासन दिलें. जुलै 2011 मध्यें त्यांच्याच सरकारनें तेथील तातडीचा विभाग बंद केला. रुग्णांची सुरक्षितता हें कारण दिलें गेलें, व तें खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें कारण फेब्रुवारींत तपासतां आलें नसतें काय? बैठकींत बसणाऱ्या सभासदाची जीभ 'होय' म्हणण्यास सरावलेली असते. एका अर्जदारास म्हटलेलें 'होय' फार तर वायां जातें. तेंच मुख्य प्रधान होऊं पाहणाऱ्यानें अवघ्या परगण्यास म्हटलें म्हणजे तो करार होतो. डेनिस नॉटन या त्यांच्याच पक्षाच्या सभासदानें सरकारविरुद्ध मत दिलें व पक्षांतील स्थान गमावलें. पांच वर्षांनीं केनी यांस सत्ता टिकविण्यासाठीं त्याच नॉटन यांस, अपक्ष म्हणून, मंत्रिपद द्यावें लागलें!

तरीही या बैठकीच्या संवयीची दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. 1922 पासून 1996 पर्यंत मॅग्डलीन धुलाईघरांत सुमारें दहा हजार स्त्रिया व मुली कोंडून राबविल्या गेल्या. त्यांस तेथें पाठविण्यांत सरकारचाही हात होता, असें 2013 च्या फेब्रुवारींतील चौकशी-अहवालानें दाखविलें. अहवाल आला त्या दिवशीं केनी वकिली भाषा बोलले. आम्ही स्वतः वकिलीचा अभ्यास केलेला असल्यामुळें ती भाषा ओळखतों. तींत सर्व कांहीं असतें, फक्त क्षमा नसते. पुढच्या पंधरवड्यांत ते त्या स्त्रियांपैकीं कित्येकींस स्वतः भेटले, त्यांचें ऐकून घेतलें, आणि 19 फेब्रुवारीस भर सभेंत राज्याच्या वतीनें निःसंदिग्ध माफी मागतांना त्यांचा कंठ दाटून आला. कागदानें जें केलें नाहीं तें समोरासमोर बसण्यानें केलें. 2011 च्या जुलैंत क्लॉइन येथील पाद्र्यांच्या अत्याचारांवरून रोमच्या धर्मपीठास त्यांनीं ज्या कडक शब्दांत सुनावलें, तसे त्यांच्यापूर्वीं कोणीही मुख्य प्रधान बोलला नव्हता. मेयोसारख्या भाविक परगण्याचा प्रतिनिधि हें बोलला म्हणूनच त्याला वजन आलें. गर्भपाताच्या बाबतींत मात्र हें धैर्य अर्ध्यावर थबकलें. मूळच्या बेळगांवच्या सविता हलप्पनवार 2012 सालीं गॉलवेच्या रुग्णालयांत दगावल्यावर 2013 चा कायदा झाला, पण तो आईच्या जिवास धोका असेल तेवढ्यापुरताच; घटनेंतील बंधन काढण्यास 2018 साल उजाडावें लागलें.

2016 सालीं पक्षानें 'आर्थिक सुधारणा चालू ठेवा' अशी घोषणा केली. ज्या गांवचें ठाणें गेलें तेथें कोणती सुधारणा चालू ठेवावयाची? 158 पैकीं 50 जागा पदरांत पडल्या. अपक्षांच्या जोरावर व फियाना फॉलच्या तटस्थतेवर केनी पुन्हा मुख्य प्रधान झाले, परंतु पोलीस खात्यांतील गैरप्रकार उघडकीस आणणाऱ्या एका जमादाराच्या प्रकरणीं त्यांचींच विधानें एकमेकांशीं जुळेनात, आणि 2017 सालीं त्यांनीं पद सोडलें. त्यांच्या जागीं आले ते डब्लिनचे डॉक्टर लिओ वराडकर, ज्यांचें वडिलांकडील घराणें मालवण तालुक्यांतील वराड गांवचें. 2010 च्या कटांत तेही होते. केनी यांनीं तरीही त्यांस मंत्रिमंडळांत घेतलें होतें. वराडकर 2024 सालीं पायउतार झाले व त्याच वर्षाच्या अखेरीस फिने गेल 38 जागांवर आला.

मेयोंत केनी यांच्या माघारीं 2020 सालीं त्यांच्या पक्षातर्फें जे नवे सभासद निवडून आले ते अॅलन डिलन. सभागृहांत येण्यापूर्वीं त्यांची ख्याति होती ती मेयोचे फुटबॉलपटु म्हणून.