पाळक घडवणारे शिक्षण

हिंगोली जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या मुख्य गावी १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ईश्वरविज्ञानाची, म्हणजे देव, पवित्र शास्त्र आणि श्रद्धा यांच्या पद्धतशीर अभ्यासाची, संस्था उभी राहिली आणि १९८३ साली ती पुण्यास हलली. ती ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या ज्या सेरामपूर सिनेटशी संलग्न आहे, त्या परंपरेला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश राजसनदेने मिळाला.

या सेमिनरीतील विद्यार्थी मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती चर्चचा, इतिहास, हिब्रू-ग्रीक आणि अर्थनिर्णय, म्हणजे लेखक, काळ व वाचक ध्यानात घेऊन वचनाचा अर्थ लावण्याची रीत, शिकतो; परंतु इंग्रजीत टिपणे काढलेल्या त्याच विद्यार्थ्याला पुढे पाळक म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी किंवा वसमतकडच्या लहानशा मंडळीत, सोयाबीनच्या काढणीवरून परतलेल्या श्रोत्यांपुढे मराठीत उपदेश करावा लागतो, आजाऱ्याच्या खाटेशी प्रार्थना करावी लागते आणि कर्जाने खचलेल्या घराला धीर द्यावा लागतो. ही तयारी केवळ ग्रंथांतून होत नाही; तिला मराठी भक्तिपरंपरेची ओळखही लागते.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेथील पाळकाला वारकरी परंपरा परकी असणे हे त्याच्या शिक्षणाचे मोठेच न्यून होय. म्हणून मराठी मंडळ्यांनी उमेदवारांना सेमिनरीत धाडताना शिष्यवृत्तीबरोबरच मराठीतील अध्ययनग्रंथांची मागणीही ठामपणे करावी.